फायली आल्या, कुलपं आली नाहीत

संगणकावर एखादी फाईल उघडायला जावं आणि ‘तुम्हाला परवानगी नाही’ असा निरोप समोर यावा, की माणसं वैतागतात. मला तो निरोप दिसला की हायसं वाटतं. आता काम बरंच कमी केलंय, पण एखाद्या जुन्या ऑफिसातून बोलावणं आलं की जाते. गेल्यावर आधी तिथल्या सगळ्यात कमी अधिकार असलेल्या माणसाच्या खुर्चीत बसते आणि त्याला जे उघडता येऊ नये ते उघडून बघते. उघडलं नाही, की मग चहा घेते. ही सवय एका दिवसाने लावली. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल काहीतरी हलकंफुलकं लिहा’ म्हटलं तेव्हा मी हो म्हटलं खरं, पण लिहायला बसले तर तोच दिवस पुढे आला. तो हलकाफुलका नाही.

आधी काम काय ते सांगते. तळोज्याच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं सर्व्हर सांभाळले. सर्व्हर म्हणजे ऑफिसातला तो संगणक, ज्यावर सगळ्यांचं काम साठवलेलं असतं. कारखान्याने ते काम बाहेर दिलं तेव्हा मीही बाहेर पडले आणि पनवेल-कळंबोलीतली लहान ऑफिसं धरली. दवाखाने, वकील, क्लासवाले. त्यांच्या कामाची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवायची, आणि डिस्क बिघडली की त्या प्रतीवरून सगळं पुन्हा जागेवर आणून द्यायचं. याला बॅकअप म्हणतात हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. माहीत नसतं ते पुढचं. प्रत्येक फाईलला, वरून न दिसणारी, एक नोंद चिकटलेली असते : ही कोणी वाचायची, कोणी बदलायची, कोणाला दिसूच द्यायची नाही. आतला मजकूर वेगळा आणि ही नोंद वेगळी. फाईल नुसती उचलून साध्या डिस्कवर टाकली तर मजकूर जातो, नोंद मागे राहते. परत आणलीत, की ती ज्या फोल्डरमध्ये पडेल त्याचे नियम तिला लागू होतात. फोल्डर सगळ्यांचा, तर फाईलही सगळ्यांची. आणि यात काही मोडलेलं किंवा हरवलेलं दिसत नाही. शोधा, सगळ्या फायली हजर असतात.

नवीन पनवेलच्या एका क्लासमध्ये असंच झालं होतं. कोणीतरी घाईघाईने प्रती परत टाकल्या आणि प्रश्नपत्रिकांचा फोल्डर मुलांच्या संगणकांवरून दिसायला लागला. त्या वर्षी सराव परीक्षेत सगळेच हुशार निघाले. सरांनी मला आनंदाने फोन करून सांगितलं. उत्तरपत्रिका नीट वाचल्यावर त्यांचा दुसरा फोन आला, तेव्हा आवाज वेगळा होता. तेव्हा आम्ही दोघंही हसलो. परवानग्या गेल्या की काय होतं, याची माझी कल्पना त्या वेळी तेवढीच होती.

जुन्या पनवेलमध्ये बायकांसाठी काम करणारी एक संस्था आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही. घरात मारहाण होते, जिवाची भीती आहे, अशा बायका तिथे येतात. शैलाताई ती संस्था चालवतात. पोलीस, कोर्ट, मुलांच्या शाळा, सगळं बघतात. आणि धोका फारच असेल तर त्या बाईला ओळखीच्या गावात, ओळखीच्या घरी नेऊन ठेवतात. त्या घरांचे पत्ते ‘निवास’ नावाच्या फोल्डरमध्ये असत. तो फोल्डर मीच बांधून दिला होता. तो फक्त शैलाताईंना उघडायचा. बाकीच्यांना तो यादीत दिसतही नसे.

संस्थेच्या गाडीवर बाळाराम होता. उरणकडच्या कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, मितभाषी. बायकांना कोर्टात न्यायचं-आणायचं काम त्याचं. मी मूळची मिठागराच्या गावातली, त्यामुळे त्याच्याशी बोलताना माझ्याही तोंडी घरची भाषा यायची. तो मला ताई म्हणायचा, मी त्याला दादा.

मी नाशिकला मुलीकडे गेले होते तेव्हा संस्थेच्या सर्व्हरची डिस्क गेली. हिशेब पाहणारे पराडकर म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. फार तळमळीने काम करायचे. मला त्रास नको म्हणून त्यांनी बाजारातल्या एका दुकानदाराला बोलावलं. त्याने नवी डिस्क बसवली आणि सगळं परत टाकून दिलं. मी ठेवलेली प्रत परवानग्यांसकट होती, पण ती उघडायला माझं सॉफ्टवेअर लागायचं. पराडकरांनी काळजीपोटी स्वतःचीही एक प्रत करून ठेवली होती, खिशात मावणाऱ्या डिस्कवर, शैलाताईंच्या संगणकावरून सगळे फोल्डर ओढून टाकून. दुकानदाराला ती सोपी वाटली. पराडकरांनी मला फोनवर अभिमानाने सांगितलं, “मॅडम, एकही फाईल गेली नाही.” आणि ते खरं होतं.

सोमवारी सकाळी मी सहज बघायला म्हणून गेले. बाहेरच्या खोलीत रूपाली बसते, फोन घेते, येणाऱ्या बाईला पाणी देते. तिच्या शेजारी एक सगळ्यांचा संगणक असतो. त्यावर कार्यकर्त्या पत्रं टाइप करतात, बाळाराम गाडीच्या फेऱ्या भरतो. प्रिंटर चालतोय का बघायला मी तिथे बसले. समोर फोल्डरांची यादी होती आणि त्या यादीत ‘निवास’ दिसत होता.

तो तिथे दिसायलाच नको होता. दुकानदाराने नावं तरी टाकून ठेवली असतील, आत काही नसेल, असं म्हणत मी त्यावर क्लिक केलं. फोल्डर उघडला. आतली पहिली फाईलही उघडली. बाईचं नाव, मुलीचं नाव, गाव, घराची खूण, घरमालकिणीचा फोन. मी वाचलं नाही असं म्हणू शकत नाही, डोळे वाचतातच. मी फाईल बंद केली आणि प्रिंटरमधला कागद उगाच सारखा केला, कारण रूपाली माझ्याकडे बघत होती.

आधी मी आत जाऊन सर्व्हरवर फोल्डर बंद केला. त्याला वेळ लागला नाही. मग तो कोणी उघडला होता हे शोधायला लागले. कोणी काय उघडलं याची नोंद ठेवायची सूचना कुलपाबरोबरच असते. ती कुलपाबरोबरच गेली होती. फाईल शेवटची कधी उघडली ती वेळ बघितली, तर व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामने त्याच सकाळी, मी येण्याच्या जरा आधी, सगळ्याच फायली उघडून तपासल्या होत्या. मी उघडलेली सोडली तर सगळ्यांवर एकच वेळ. डिस्क बदलल्यापासून त्या बाहेरच्या संगणकावर जो कोणी बसला, त्यातल्या कोणीही तो पत्ता वाचला असेल किंवा कोणीच वाचला नसेल, आणि यातलं काय खरं हे मला कधीच कळणार नव्हतं. माझ्या कामात बिघाड पुष्कळ पाहिले. ज्याचा मागच उरत नाही असा हा पहिला.

मी बाहेर येऊन रूपालीला शक्य तेवढ्या सहजपणे विचारलं, आज कोण कोण येऊन गेलं. ती म्हणाली, बाळारामदादा ऑफिस उघडताच आले होते. या संगणकावर बसले थोडा वेळ आणि न बोलताच गाडी घेऊन गेले. ताईंना कोर्टातून आणायला गेले असतील. मग तिला आठवलं म्हणून तिने सांगितलं, की सकाळी एका माणसाचा फोन आला होता. फार गोड बोलत होता. तुमच्या संस्थेची आपट्याला शाखा आहे का, असं विचारत होता. तिने नाही सांगितलं.

मी आत्ताच जी फाईल वाचली होती, तिच्यातलं गाव आपटा होतं. ते घर आता बंद आहे, म्हणून नाव लिहायला हरकत नाही.

शैलाताई आल्या त्या रिक्षाने. दारातूनच म्हणाल्या, “बाळाराम कुठाय? मी वाट बघून आले.” रूपालीचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी ताईंना आत नेलं, दार लावलं आणि झालं ते सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, “कोणाला दिसत होतं?”

“सगळ्यांना.”

“पाहिलं कोणी?”

“ते सांगता येत नाही, ताई.”

त्यांनी पर्समधून फोन काढला. कोर्टात असल्यामुळे आवाज बंद होता. त्यावर बाळारामचे न घेतलेले फोन दिसत होते. त्यांनी उलट लावला, बंद. आपट्याच्या घरमालकीण सुमनआक्का, त्यांचा फोन वाजत राहिला. तिथे ठेवलेल्या त्या बाईकडे स्वतःचा फोन नव्हता, तो मुद्दामच ठेवला नव्हता. मग ताईंनी ओळखीच्या पोलीस अधिकाऱ्याला फोन केला. ते बंदोबस्तावर होते. तिकडच्या ठाण्यातून माणूस पाठवतो म्हणाले, पण केव्हा पोचेल ते सांगता येईना. ताई उठल्या. संस्थेची गाडी नव्हती. माझी होती.

गाडीत बसल्यावर ताईंनी मला बाकीचं सांगितलं. त्या बाईचा नवरा कळंबोलीत ट्रकच्या धंद्यातला, स्वतःच्या बऱ्याच गाड्या असलेला. पहिल्यांदा ती संस्थेत आली तेव्हा तिच्या गळ्यावर त्याच्या बोटांचे वळ होते. पुढच्या वेळी हात सैल सोडणार नाही, असं त्याने तिला शांतपणे सांगितलं होतं. आणि बाळारामचा सख्खा भाचा त्याच माणसाच्या ट्रकवर होता.

“तुम्हाला हे माहीत होतं?” मी विचारलं.

“त्यानेच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी,” ताई म्हणाल्या. “म्हणाला, ताई, ती कुठं ऱ्हाते ते मना सांगू नका. भाचा इचारील, आनि माज्या तोंडावर दिसंल. म्हणून तर मी तिला रिक्षाने पळस्पे फाट्यापर्यंत आणायचे आणि तिथून तो कोर्टात न्यायचा. घर त्याने पाहिलेलंच नाही.”

माझ्या डोक्यात फिरत होतं ते वेगळंच. जोवर घर माहीत नव्हतं तोवर हा माणूस सरळ राहिला. आज ते समोर उघडं पडलेलं दिसलं, आणि भाच्याची नोकरी त्या माणसाच्या हातात. त्याने सकाळी लवकर येऊन संगणक लावला, कोणाशी न बोलता गाडी नेली आणि फोन बंद केला. ताईही तोच विचार करत होत्या. आम्ही दोघींनी तो एकमेकींना बोलून दाखवला नाही.

पळस्प्याला कंटेनर आणि ट्रेलर खोळंबून उभे होते. ताई एकदम पुढे वाकून प्रत्येक ट्रकच्या काचेवरचं नाव वाचायला लागल्या. तिचा नवरा आपल्या सगळ्या गाड्यांवर मुलीचं नाव लिहितो, असं त्यांनी सांगितलं. ते नाव मी लिहीत नाही. घरोघरी असतं तसं साधं नाव आहे. आमच्या पुढच्याच ट्रकच्या मागे ते रंगवलेलं होतं, बाजूला कमळाचं फूल. ताईंनी माझा दंड धरला. त्या नावाचे ट्रक रस्त्यावर कितीतरी असतील, हे आम्हा दोघींना कळत होतं. तरी तो ट्रक सरळ पुण्याकडे निघून जाईपर्यंत आणि आम्ही गोव्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी त्याच्यापासून अंतर राखूनच चालवत होते. कर्नाळ्याच्या वळणांवर मी आरशात मागे येणारी प्रत्येक गाडी बघत होते. एक पांढरी जीप बराच वेळ मागे होती. आपट्याच्या फाट्यावर आम्ही वळलो तेव्हा ती सरळ गेली.

आपट्याला सुमनआक्कांच्या घरामागे नदी आहे. शेजारचीच खोली त्या बाईला दिलेली. ताईंची भाची म्हणून ती तिथे राहत होती, शिवण करत होती. खोलीला कुलूप होतं. दोरीवर लहान मुलीचे कपडे वाळत घातलेले, ओलेच होते. सुमनआक्का नदीवरून वर येत होत्या. फोन घरात ठेवून गेल्या होत्या. आम्हाला बघून त्यांना नवल वाटलं.

“तुमचा डायवर आलता नं सकालचा,” त्या म्हणाल्या. “दोगींना गाडीत बसवून गेला. शिवन मशीनवर तसंच टाकून गेली. मना वाटला, तुमीच धाडलाय.”

ताई पायरीवर बसल्या. गाडीत आम्ही जे एकमेकींना बोलून दाखवलं नव्हतं ते आता घडून गेलं होतं, आणि घडलं होतं ते मी बांधलेल्या फोल्डरमधल्या पत्त्यावरून.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. ताईंनी कुंपणातून पाहिलं आणि मला ओढत आक्कांच्या स्वयंपाकघरात नेलं. दार आतून लोटून त्या कानात म्हणाल्या, “तोच आहे.” तो त्यांना कोर्टातून ओळखत होता.

मी दाराच्या फटीतून त्याला पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात दुकानाची पिशवी. बरोबर एक माणूस होता, तो फाटकाशीच उभा राहिला. नवऱ्याने आक्कांना नमस्कार केला आणि पाणी मागितलं. आक्का पाणी घ्यायला आत आल्या, आमच्या समोरून माठापाशी गेल्या आणि आमच्याकडे बघितलंही नाही. बाहेर तो मऊ आवाजात सांगत होता, की घरात जरा बोलाचाली झाली, बायको रागावून आली आहे, मुलीची फार आठवण येते, तिला फ्रॉक आणलाय. आळीतल्या पाच-सहा घरी विचारलं, शिवणकाम करणारी नवी बाई इथे राहते असं कळलं.

“मना काय ठाव नाय,” आक्का म्हणाल्या. “इथं भाडेकरू व्हती, ती गेली.”

तो ओट्यावर बसला. बराच वेळ बसला. दोरीवरच्या त्या ओल्या कपड्यांकडे बघत होता. मग उठला, एक लहानसा परकर हातात घेतला, तो उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा दोरीवर नीट पसरून ठेवला. त्याने कुलूप हलवून पाहिलं. खिडकीला डोळा लावला. माझ्या गाडीपाशी जाऊन काचेतून आत वाकला आणि कोणाची गाडी म्हणून विचारलं. माझी पर्स पुढच्या सीटवर होती, तिच्यावर संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमाचा बिल्ला होता.

“माज्या लेकीची,” आक्का म्हणाल्या. “तिचं पोट बिघडलंय, निजलीय आत.”

तो दाराकडे बघत उभा राहिला. आमच्यात आणि त्याच्यात नुसती एक फळी होती आणि तिला आतून कडीही नव्हती. शेजारी शैलाताई होत्या, आयुष्यभर असल्या माणसांसमोर ताठ उभ्या राहिलेल्या. आता त्या दोन्ही हातांनी ती फळी आतून दाबून धरून होत्या. मग त्याने पिशवी ओट्यावर ठेवली, ती परत आली तर हे द्या म्हणाला, पुन्हा नमस्कार केला आणि गेला.

गाडीचा आवाज नदीच्या पुलापलीकडे जाईपर्यंत आम्ही हललो नाही. ठाण्यातला माणूस तोवरही आला नव्हता. आधी बोलल्या त्या ताई. “तो इथे शोधतोय,” त्या म्हणाल्या. “त्याच्याकडे नाहीयेत त्या.”

एवढं साधं, पण ते मला तोवर सुचलं नव्हतं. बाळारामने त्यांना त्याच्या स्वाधीन केलं असतं, तर तो दारोदार विचारत इथे कशाला आला असता?

परतीच्या वाटेवर ताईंचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता आणि बोलत होता बाळाराम. आदल्या दिवशी घरी हळदीला भाचा आला होता. दारूच्या भरात तो बोलून गेला, की मालकाला बायकोचा सुगावा लागलाय, नात्यातल्या कोणीतरी मुलीला आपट्याच्या बाजारात पाहिलंय, आता शोधायला जाणार. बाळारामने सकाळी ताईंना फोन लावले, लागले नाहीत. तो संस्थेत आला, गाडी काढण्याआधी फेरी भरायला संगणक लावला आणि समोर तो फोल्डर दिसला. त्याने वाचलं, गेला, दोघींना घेतलं. ती त्याला ओळखत होती, म्हणून काही न विचारता बसली. भाच्याचे फोन यायला लागले म्हणून त्याने स्वतःचा फोन बंद केला. आता दोघी त्याच्या बहिणीकडे होत्या, भाच्याच्या आईकडे नव्हे, दुसऱ्या बहिणीकडे. कोणत्या गावात, ते तो सांगणार होता, पण ताईंनी त्याला मध्येच थांबवलं आणि पोलीस सोबत आल्यावर सांग म्हणाल्या. मग गाडी बाजूला घ्यायला लावून त्या रडल्या.

पुढे त्या मायलेकींना जिल्ह्याबाहेर हलवलं. त्या बऱ्या आहेत एवढंच मला माहीत आहे आणि तेवढंच पुरे. नवऱ्यावरचा खटला चालू आहे.

इथवर ही सुटकेची गोष्ट आहे. मला रुखरुख आहे ती यापुढची. संस्थेच्या विश्वस्तांची बैठक झाली. मलाही बोलावलं होतं, बिघाड समजावून सांगायला. मी सांगितलं, पराडकरांचा हेतू चांगला होता हेही सांगितलं. ते बिचारे खाली मान घालून बसले होते. मग एका विश्वस्तांनी, जे पूर्वी सरकारी खात्यात मोठ्या पदावर होते, बाळारामला विचारलं, की पत्ता सोमवारीच पहिल्यांदा वाचलात कशावरून? फोल्डर तर आधीपासून उघडा होता. आणि नवऱ्याला गावाचं नाव कळलं ते नातेवाइकाकडूनच, हे आम्ही भाच्याच्या शब्दावर धरायचं का?

बाळाराम म्हणाला, “मी सोमवारीच वाचला, साहेब.” त्यापुढे त्याच्याकडे काही नव्हतं.

मी मध्ये पडले. नवरा दारोदार विचारत होता. फाईलमध्ये घराची खूणसुद्धा होती, ती कळली असती तर तो सरळ दारात आला असता, आणि सकाळी शाखेची चौकशी करणारा फोन कशाला केला असता? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “मॅडम, तुम्ही या विषयातल्या जाणकार. यांनी ती फाईल त्याआधी उघडली नव्हती, असं तुम्ही खात्रीने सांगू शकता का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. बाळारामही. मनाने मी केव्हाच हो म्हटलं होतं. पण मला विचारलं होतं ते यंत्राबद्दल, आणि यंत्राकडे काही नव्हतं. मी म्हटलं, “नाही. सांगता येत नाही.”

त्याला कोणी काढलं नाही. शैलाताई तर त्याच्या बाजूने भांडल्या. पण हळूहळू कार्यकर्त्या त्याच्यासमोर आवाज खाली करायला लागल्या. कोर्टाच्या तारखा त्याला ऐनवेळी कळायला लागल्या. त्याला तो फोल्डर दिसत नव्हता तोवर त्याच्यावर कोणी संशय घेऊच शकत नव्हतं. ते कुलूप बायकांइतकंच त्याचंही रक्षण करत होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. इतकी वर्षं कुलपं लावूनही आलं नव्हतं. एक दिवस त्याने गाडीची किल्ली ताईंच्या टेबलावर ठेवली आणि भावाच्या होडीवर जातो म्हणून सांगितलं.

मी त्याला भेटायला गेले ते बऱ्याच उशिरा. उरणला एका ऑफिसचं काम होतं, ते संपवून दुपारी कोळीवाड्यात गेले. तो ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. मला बघून त्याने पाट सरकवला. भाच्याने नोकरी सोडली, तोही आता होडीवर येतो, असं सांगितलं. मी म्हटलं, दादा, त्या दिवशी बैठकीत मी जे बोलले ते खरं होतं, पण ते मला अजून बोचतं. तो म्हणाला, खरं ते खरं, तुमी काय करणार. मी त्याला सांगितलं, की आता संस्थेत सगळं पक्कं केलंय. परवानग्यांसकट बॅकअप होतो, परत आणल्यावर मी स्वतः बाहेरच्या संगणकावर बसून तपासते, कोणी काय उघडलं त्याची नोंदही दुसऱ्या जागी राहते. तसलं पुन्हा होणार नाही.

तो ऐकत होता. मग जाळ्यावरून डोळे न उचलता म्हणाला, “ताई, येक इचारू? त्या दिवशी तुमचं कुलूप जागेवर असतं, तं मी काय केलं असतं?”

मी विचार केला आणि जे होतं ते सांगितलं. “फोल्डर उघडला नसता, दादा. तुमी गावात जाऊन घरोघर इचारत फिरला असता.”

“आनि तो बी घरोघर इचारत फिरत व्हता,” बाळाराम म्हणाला. “आमी दोगं येकाच दारात भेटलो असतो.”

त्याचा हात जाळ्यात चालत राहिला. थोड्या वेळाने त्याच्या बायकोने आतून जेवायला बोलावलं, आणि आम्ही उठलो.